पाचव्या खुंटीचा आकडा

मास्तर, तुम्ही गेलात हे मला दोघांनी सांगितलं आणि मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही. राहुरीच्या मोटारस्टँडवर तुमचा एक जुना विद्यार्थी भेटला, तो म्हणाला, सोमवारी संध्याकाळी. आमच्या कचेरीतला शिपाई म्हणाला, मंगळवारी सकाळी. दोघांचं जुळत नाही म्हटल्यावर मला चक्क आशा वाटली. वाटलं, कुणी दुसरे मास्तर असतील, नगरला मास्तर काय थोडे आहेत. मिळेल ती मोटार पकडून नगरला आलो, तिथून टांग्यानं केडगावला. तुमच्या ओसरीखाली चपलांचा ढीग दिसला तेव्हा कुठे मी ते मान्य केलं. वहिनींनी सांगितलं, सोमवारी संध्याकाळी शुद्ध हरपली आणि मंगळवारी उजाडताना श्वास थांबला. म्हणजे दोघंही खरंच बोलत होते, ज्याला त्याला आपापल्या बाजूचं तेवढं माहीत होतं.

हे तुम्हाला सांगता आलं असतं तर तुम्ही चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला असता. रहिमभाई, तुम्ही स्वतःच्या मयतीला गेलात तरी आधी नाडी बघाल, असं तुम्ही एकदा म्हणालाच होतात.

आहे मी संशयी. दार लावलं की पुन्हा ढकलून बघतो. दूध उकळलेलं आहे असं हमीदानं सांगितलं तरी झाकण काढून वास घेतो. ती म्हणते, निकाह लागल्यावरही तुम्ही काझींना पुन्हा विचारलं होतंत, सगळं पुरं झालं ना म्हणून. कालव्याच्या कचेरीत मोजणीदाराला हा स्वभाव चालतो, उलट साहेब त्याचं कौतुक करतात. पण याच स्वभावानं मी तुमच्यावर पाच वर्षं संशय धरला. तो तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही. आता तुम्ही समोर नाही तर बोलायला बसलोय, म्हणजे धाडस किती ते तुम्हीच बघा.

आपली गाठ पडली ती चिबड जमिनीमुळे. राहुरीजवळ देवळालीला कालवा आला, ऊस आला, सगळ्यांना बरं वाटलं. मग कालव्याचं पाणी जमिनीत झिरपून झिरपून खालचं पाणी वर चढत आलं. शेतात पाय टाकला की चुबूक वाजायचं, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटायचं. पुरुषभर ऊस जिथे उभा राहायचा तिथे लव्हाळा वाढला. साहेबांना एक खोल चर खणायचा होता, जमिनीखालचं पाणी गोळा करून ओढ्याला नेऊन सोडणारा. पण कालव्यापासून किती अंतरावर? जवळ खणला तर तो कालव्याचंच पाणी ओढून घेणार, लांब खणला तर मधली शेतं बुडालेलीच राहणार. मी जमिनीत लोखंडी नळ्या ठोकून पाणी किती खोल आहे ते मोजत होतो, पण नळ्या ठोकणार तरी किती? लढाई चालू होती, लोखंड मिळत नव्हतं. साहेब म्हणाले, नगरच्या हायस्कुलात गणिताचे एक मास्तर आहेत, त्यांच्याकडे यावर काही सूत्र आहे म्हणतात, जाऊन भेटा.

तुम्ही मला ओसरीवर बसवलंत आणि एका कागदावर ते सूत्र लिहून दाखवलंत. एवढंसं होतं, दीड ओळीचं. मी विचारलं, मी नळ्या ठोकतोय त्या शेतातली भागूजीची विहीर यात कुठे आहे? तुम्ही म्हणालात, विहीर नाही, जमीन सगळीकडे सारखी धरली आहे. मी म्हणालो, मास्तर, सगळीकडे सारखी जमीन मी अजून पाहिली नाही. वहिनी चहा घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या, कारण पाहुणा आल्या आल्या भांडतोय असं त्यांना वाटलं.

मग मी माझी पद्धत सांगितली. ती मला एका बदलून गेलेल्या साहेबांनी शिकवली होती. शेताच्या नकाशावर चौकटी आखायच्या. प्रत्येक कोपऱ्यावर पाण्याच्या पातळीचा अंदाजे आकडा मांडायचा. मग एकेक कोपरा घ्यायचा आणि त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी काढून तो आकडा बदलायचा. सगळं शेत फिरून झालं की पुन्हा पहिल्यापासून. विहीर असेल तिथे विहिरीचा आकडा, ओढा असेल तिथे ओढ्याचा, जिथे काळी माती संपून मुरूम लागतो तिथे त्याचा हिशोब वेगळा. शंभरदा फिरलं की आकडे हलायचे थांबतात. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, कालव्याच्या काठाशी काय करता? तिथेच माझं अडत होतं. काठाशी पाणी एवढं झपाट्यानं उतरतं की माझ्या चौकटी तिथे आंधळ्या होत. चौकट कितीही बारीक करा, आकडा बसत नसे. आणि तुमचं दीड ओळीचं सूत्र तिथेच डोळस होतं.

त्या दुपारी आपण शेताची वाटणी केली. काठापासून काही अंतर तुमचं, सूत्राचं. पुढे विहिरी, मुरूम, ओढा, ते माझं, चौकटींचं. मध्ये एक रेघ, आणि त्या रेघेवर भागूजीच्या शेतातून जाणाऱ्या सात खुंट्या. दोघांनीही थोडं थोडं दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं आणि त्या सात खुंट्यांखाली पाणी किती खोल आहे ते आपापल्या रीतीनं काढायचं. तुमचे आकडे घेऊन मी पुढचा आठवडा काढायचा, माझे आकडे घेऊन तुम्ही. दोन्ही बाजू खऱ्या असतील तर फरक कमी होत जाईल. सांधा बसला तर चर कुठे खणायचा ते सांगता येईल.

नियम एकच होता, तुम्हीच घातलेला. आधी लिहायचं, मग दाखवायचं. दुसऱ्याचा कागद आधी पाहायचा नाही. जुळवून आणलेलं उत्तर हे उत्तरच नव्हे, असं तुम्ही म्हणालात. मला तो नियम फार आवडला. इतका संशय घेणारा दुसरा माणूस मला आयुष्यात प्रथमच भेटत होता.

शनिवारी तुमची सकाळची शाळा असे आणि मला आठवड्याचा अहवाल द्यायला नगरला यावंच लागे. म्हणून शनिवार ठरला. कागदाची टंचाई होती, तेव्हा मी कचेरीतून रद्द झालेले गावनकाशे आणायचो. दर शनिवारी एक नकाशा मधोमध फाडायचा, अर्धा तुम्हाला, अर्धा मला. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या शनिवारचे सात आकडे. फाडायचं काम तुमचं. तुमच्या हातून तो कधी सरळ फाटला नाही. मी म्हणायचो, पट्टी लावा. तुम्ही म्हणायचात, पट्टी लावली की सगळे तुकडे सारखेच दिसतात.

पहिल्या शनिवारी आपल्या आकड्यांत हातभराचा फरक होता. तुम्ही माझ्या चौकटींना नावं ठेवलीत, मी तुमच्या सूत्राला. दुसऱ्या शनिवारी थोडा कमी. पुढे वीतभर झाला, मग चार बोटं, मग दोन. वहिनी आल्या आल्या विचारायच्या, आज किती बोटं? भागूजीलाही त्याचा नाद लागला होता. त्याच्या शेतात मी नळीतलं पाणी मोजायला गेलो की तो बैल थांबवून यायचा आणि दोन बोटं उभी करून भुवया उडवायचा.

आता तो गुरुवार. तुम्हाला शाळेला सुट्टी होती, तुम्ही देवळालीला शेत बघायला आलात. सात खुंट्या पाहिल्या, भागूजीकडे हुरडा खाल्ला, माझ्या खोलीवर टेकलात आणि दुपारच्या मोटारीनं परत गेलात. जाताना तुमचं लॉगच्या कोष्टकांचं पुस्तक माझ्या टेबलावर विसरलात. त्यातून घडी केलेला कागद दोन बोटं बाहेर दिसत होता. शनिवारचा कागद, हे मला लगेच कळलं. मला तेव्हाही चमत्कारिक वाटलं. तुम्ही वस्तू विसरणारे नव्हतात, छत्रीसुद्धा नाही. खिडकीतून वारा येत होता म्हणून मी पुस्तकावर माझा ओळंबा ठेवला, भिंत सरळ आहे की नाही ते बघायचा तो पितळी. पुस्तकाकडे पाठ करून मी माझ्या चौकटी पुऱ्या केल्या. शनिवारी निघताना पुस्तक दोरीनं बांधलं, मोजणीची साखळी बांधतो त्या गाठीनं, आणि तुमच्या हातात दिलं. तुम्ही आधी गाठ पाहिलीत, मग माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणालो, विसरला होतात. तुम्ही म्हणालात, हो का.

पुस्तकातून तुम्ही कागद काढलात. तो नकाशाचा अर्धा तुकडा नव्हता. शाळेच्या उत्तरपत्रिकेचं पान होतं. मी ते पाहिलं आणि मनात ठेवलं. आकडे शेजारी मांडले. पहिला एका बोटाच्या आत. दुसरा, तिसरा, चौथा तसेच. पाचव्याला वीतभर फरक. सहावा, सातवा पुन्हा बोटाच्या आत. मी म्हणालो, पाचवा बिघडला. आणि तुम्ही, मास्तर, लॉगचं पुस्तक बाजूला पडलेलं असताना, ते न उघडता, एक पानही न उलटता म्हणालात, माझीच चूक आहे. पाचवा आकडा खोडलात आणि बाजूला दुसरा लिहिलात. माझ्या आकड्याच्या बोटभर अंतरावरचा.

तुम्ही हसत होतात. इतके खूष मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. वहिनींना हाक मारून म्हणालात, आज शिरा करा. मी तो शिरा खाल्ला आणि प्रत्येक घासाला एकच विचार करत होतो. जे गणित करायला मास्तरांना तीन दिवस लागतात ते त्यांनी पापणी लवायच्या आत कसं केलं? एकच उत्तर होतं. केलंच नाही. माझा आकडा पाहिला आणि जवळचा लिहून टाकला.

साहेबांना आपण सांगितलं, सांधा बसला. चर पाचव्या खुंटीवरून ठरला, कारण पाणी तिथेच सगळ्यात वर होतं. तो गेला भागूजीच्या खळ्यातून. त्याच्या आज्यानं चोपून केलेलं खळं ते. मी भागूजीला म्हणालो, नको असेल तर आत्ताच सांग. तो म्हणाला, "भाई, तुमी दोगं इतकी भांडलासा आन येक झालासा. मंग खरंच असंल ते. खना."

त्या वाक्यानं माझी झोप गेली. भागूजीनं खळं दिलं ते साहेबांच्या शब्दावर नाही, सूत्रावर नाही की चौकटींवर नाही. दोन भांडणारी माणसं एक झाली यावर दिलं. आणि माझ्या मते ती एक झालीच नव्हती. एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलं होतं.

चर खणला. पहिल्या वर्षी काही फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी पाणी थोडं उतरलं, पण पाऊसच कमी होता. तिसऱ्या वर्षी पाचव्या खुंटीच्या आसपास भागूजीनं हरभरा टाकला आणि तो उगवला. सगळे खूष झाले. मी म्हणालो, हरभरा काय, ओलीवर येतोच. तुम्ही विचाराल, इतका संशय होता तर पाचव्या खुंटीचं गणित सूत्रानं स्वतः का केलं नाहीत? मी मराठी सातवी पास, सूत्र माझ्या कुवतीबाहेरचं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण वेगळं आहे. संशय मला सांभाळता येत होता. खात्री झाली असती तर भागूजीकडे जाऊन सांगावं लागलं असतं.

शनिवार बंद झाले. कामच संपलं होतं, निमित्त आयतं मिळालं. पुढे स्वातंत्र्य आलं आणि त्याच्या मागोमाग ते वाईट महिने आले. नगरला कुणी कुणाकडे सरळ बघेना. माझ्याकडे एरवी नीट बोलणारी माणसं नाव विचारल्यासारखी बघू लागली. मी केडगावला येत नाही याचं तुम्हाला तेच कारण वाटलं असणार. मी ते तसं वाटू दिलं, मास्तर. दिवस वाईट होते हे खरं, पण मी तुमच्याकडे आलो नाही ते त्या दिवसांमुळे नाही. तुमच्या ओसरीवर मला कधीच भीती वाटली नाही. दुसऱ्यांच्या पापाआड मी माझा संशय लपवला, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

आणि तुम्ही आलात. त्याच महिन्यांत, भरल्या मोटारीतून, परसातले पेरू पंच्यात बांधून. रस्त्यावर चारचौघांच्या देखत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत खोलीवर आलात. निंबाखाली बाज टाकली होती तिच्यावर बसलात. पेरू दिलेत, हमीदाची चौकशी केलीत, आणि मग म्हणालात, "रहिमभाई, त्या पाचव्या खुंटीचं तुम्हाला एकदा सांगायचंय."

मी तुम्हाला बोलू दिलं नाही. हमीदाला ओरडून चहा टाकायला सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच तर टाकलाय. मी म्हणालो, अजून टाक. मग राजूरला माझ्या बहिणीकडे भात कसा झाला, तिथल्या बाजारात या खेपेला घोंगड्या किती आल्या, असलं काहीबाही सांगत सुटलो. मला तुमची कबुली ऐकायची नव्हती. तुम्ही दोनदा तोंड उघडलंत आणि दोनदा मिटलंत. मोटारीची वेळ झाली. जाताना म्हणालात, बरं, पुन्हा कधी. मी म्हणालो, या की.

ती आपली शेवटची भेट.

आता अलीकडचं सांगतो. दोन महिन्यांपासून साहेब माझ्या मागे लागलेत. तोच चर पुढच्या गावांत न्यायचा आहे, तीच पद्धत, काठाशी सूत्र आणि पुढे चौकटी. देवळालीला सांधा खरोखर बसला होता अशी सही माझी हवी, कारण दुसरा माणूस तुम्ही आणि तुम्ही आजारी होतात. मी कारणं सांगत राहिलो. चष्मा बदलायचाय, जुने कागद सापडत नाहीत. तुम्ही गेल्यावर, मागच्या आठवड्यात, भागूजी खोलीवर आला. पुढच्या गावात त्याच्या लेकीचं सासर आहे, त्यांचंही शेत चिबडलंय. म्हणाला, "भाई, चर फुडं न्यायचा का न्हाई? तुमी सही का करंना? माझं खळं गेलं ते खोटं हुतं का?"

मी म्हणालो, आठ दिवस दे.

कारण तुमच्याकडे आलो त्या दिवशी, माणसं पांगल्यावर, वहिनींनी मला आतून एक पुडकं आणून दिलं होतं. लॉगचं पुस्तक, एक वही. दोरीनं बांधलेलं. माझीच दोरी, आणि गाठही माझीच घालायचा प्रयत्न केलेला, तुमच्यासारखी वेडीवाकडी. वहिनी म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं. मी म्हटलं पाठवून देऊ, तर म्हणाले, नाही, समोर बसूनच द्यायचंय." पुस्तकात घडी केलेला कागद होता, दोन बोटं बाहेर. त्यावर माझं नाव. पाहताच मी ओळखलं, नकाशाचा अर्धा तुकडा.

मी तो उघडला नाही. तुम्हाला वाटेल आदरानं. छे. मला वाटलं, आत माफी असेल, आणि मग सही करता येणार नाही. आणि दुसरं असं, की नियम होता. आधी लिहायचं, मग पाहायचं.

म्हणून मी वही उघडली. पहिल्याच पानापासून सूत्र, आणि पहिल्या खुंटीचं सगळं गणित पायरीपायरीनं मांडलेलं. लॉग कुठून काढायचा, कुठे उणे करायचं, कुठे माझ्यासारखा माणूस चुकेल, तिथे तांबड्या शाईची खूण. एखाद्या विद्यार्थ्यासाठी लिहावं तसं. विद्यार्थ्याचं नाव कुठे नव्हतं, पण सातवीनंतरचा प्रत्येक शब्द तुम्ही फोड करून लिहिला होता, तेव्हा मला अंदाज आला. ट्रंकेतून माझे अर्धे नकाशे काढले. रोज कचेरीच्या आधी बसलो. पहिली खुंटी तुमच्या वहीबरोबर पडताळली, जमलं. मग पाचवी. तीनदा चुकलो, तिन्ही वेळा तांबड्या खुणेपाशीच. चौथ्यांदा उत्तर आलं.

तुम्ही त्या शनिवारी खोडून बाजूला लिहिलेला आकडा मला पाठ होता, पाच वर्षं तो डोक्यात वागवत होतो. तोच आला. शेवटचा अंक एकानं इकडचा तिकडे. म्हणजे तुमच्या सूत्रानं खरोखरच तेवढंच पाणी सांगितलं होतं. तुम्ही माझं पाहून लिहिलं नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा वेळ. मग दुसरी शंका डोकं वर काढून बसली. आकडा खरा, तर मग पुस्तक न उघडता तुम्हाला तो आला कुठून? आणि आधीचा वीतभर चुकलेला कुठून आला? तीन दिवसांचं गणित एकाच जागी चुकतं, आजूबाजूचं सगळं बरोबर येतं, हे माझ्या चौकटीतल्या कुठल्याच शेजाऱ्याला पटण्यासारखं नव्हतं.

काल शनिवार होता. मी केडगावला आलो. ओसरीवर माझ्या जागी बसलो, तुमच्या जागी कुणी नव्हतं. वहिनींनी चहा आणून ठेवला. माझा आकडा मी आधी कागदावर लिहून ठेवला होता, तो समोर मांडला, आणि तुमची घडी उघडली.

सात आकडे. पाचवाही. पहिल्या हातचा, न खोडलेला, माझ्या आकड्याच्या बोटभर अंतरावरचा, वर गुरुवारच्या आदल्या दिवसाची तारीख. आणि खाली तुमच्या अक्षरात चार ओळी. देवळालीस पाचवा आकडा मुद्दाम वीतभर चुकवून वेगळ्या कागदावर लिहिला व पुस्तकात ठेवला. सातवी पास मोजणीदार नुसत्या चौकटींनी इतका जवळ येतो यावर विश्वास बसला नव्हता. रहिमभाईंनी पाहिला नाही, त्यांचा आकडा त्यांचाच आहे. त्यांना सांगितलं पाहिजे.

मास्तर, मी काय करायचं? आधी मला राग आला. तो सांगून टाकतो, तुमच्यापासून आता काय लपवायचं. सातवी पास. दोन महिने माझ्या मांडीला मांडी लावून बसलात, माझ्या घरचं खाल्लंत, आणि टेबलावर गळ टाकून गेलात. माझी परीक्षा घेतलीत, मी पास झालो, आणि निकाल मला कळवलाच नाहीत. त्या दिवशीचा शिरा माझ्या पास होण्याचा होता आणि मी तो तुम्हाला चोर समजून खाल्ला.

मग राग उतरला, कारण माझं काय वेगळं होतं? तुम्ही दोन दिवस संशय घेतलात आणि तो मिटवला. मी पाच वर्षं घेतला आणि पोसला. तुमच्या संशयाला निदान पद्धत होती.

वहिनींनी विचारलं, काय लिहिलंय. मी म्हणालो, जुळलं.

त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं काय जुळत नव्हतं, रहिमभाई? हे दर शनिवारी दुपारी ओसरीवर येऊन बसायचे. मोटारीचा आवाज आला की रस्त्याकडे बघायचे."

मी पिशवीतून त्याच आठवड्याचा माझा अर्धा नकाशा काढला. होय, तेही आणलं होतं. तुमच्या चार ओळी वाचल्यावरही मला पाहायचंच होतं, हा तुकडा खरंच त्याच शनिवारचा आहे का. स्वभाव मेल्याशिवाय जाणार नाही. दोन्ही तुकडे पालथे घालून ओसरीवर शेजारी ठेवले आणि सरकवत जवळ आणले. तुम्ही पट्टी न लावता फाडलेली कड, कुठे आत गेलेली, कुठे बाहेर आलेली, माझ्या कडेत जाऊन बसली. नकाशावरचा ओढा तुमच्या तुकड्यातून निघून माझ्या तुकड्यात आला. वहिनींनी त्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, फाटलंय हे कळतसुद्धा नाही.

उद्या कचेरी उघडली की सही करतो. कागदावर दोन नावं लिहिणार आहे, तुमचं आधी. साहेबांनी हरकत घेतली तर म्हणेन, सांध्याला दोन बाजू लागतात. तिथून भागूजीकडे जाईन आणि त्याला सांगेन, तुझं खळं खोट्यासाठी गेलं नाही. पाच वर्षं त्याच्यापासून काय लपवलं तेही सांगेन. तो काय म्हणेल ते म्हणो.

माझ्याकडून एकच राहिलं. आज सकाळपासून निंबाखाली बसलोय. बाज तीच आहे. हमीदा मघाशी दारात येऊन विचारून गेली, टाकू का म्हणून. मी हातानंच नको म्हटलं.

बोला मास्तर. त्या पाचव्या खुंटीचं काय सांगायचं होतं ते सांगा. आज मी चहा मागवत नाही.